डोनट बोंडूचा करा, अंडे मात्र सोडू नका

मालवण, कुडाळ, सावंतवाडीच्या बेकऱ्यांत खारी-बटरच्या बरण्यांशेजारी आता डोनटही दिसतो. मधोमध भोक, वर साखरेचा नाहीतर चॉकलेटचा थर. आला पर्यटकांसाठी, पण हट्ट आपल्या वाडीतल्या पोरांचाही. यात पोरांची चूक काही नाही. इतरांची मुले खातात ते आमच्याही मुलांनी खावे, यासाठीच तर आपल्या आधीच्या पिढ्या झगडल्या. तेव्हा 'डोनट वाईट, भाकरी चांगली' असा उपदेश या पानावर आम्ही करणार नाही. डोनट खावा, पण घरी भाजलेला खावा, आणि त्याला सफरचंदाचा नव्हे तर आपल्या डोंगरावरच्या बोंडूचा स्वाद असावा, असे आमचे मत आहे. तो अंडे आणि दूध न घालताही उत्तम होतो. मात्र त्याला कोणी 'शुद्ध' म्हणू लागला तर त्याला तिथेच अडवायला हवे.

आधी बेकरीतला डोनट काय असतो ते पाहू. मैदा, साखर, वनस्पती तूप किंवा पामतेल, आणि तळण. तळताना पीठ तेल पिते, हे घरी वडे करणाऱ्या बाईला सांगायला नको. प्रश्न आहे तो तेल किती वेळा तापवले याचा. तळणाचे तेल किती खराब झाले की फेकून द्यायचे, याचा नियम केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून लागू केला. खाद्यतेल आणि वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा जानेवारी २०२२ पासून आली. नियम चांगले आहेत, पण कढईतले काळे तेल तपासायला रोज कोण येतो? आणि 'अॅपल फ्लेवर' असे लिहिलेल्या स्वस्त डोनटात बहुतेक वेळा सफरचंद नसते, बाटलीतला अर्क असतो. आपण पैसे मोजतो वासाचे.

सफरचंदाची एक गंमत आहे. आपल्याकडे ते फळ कमी आणि मान जास्त. कोणी दवाखान्यात असला की पिशवीत सफरचंदे घेऊन जायचे, मग स्वतःच्या घरी त्या दिवशी पेज आणि सुकट का असेना. हिमाचल-काश्मीरहून शेकडो कोस प्रवास करून, शीतगृहात महिनोन्‌महिने राहून ते आपल्या बाजारात येते. वाईट फळ नाही ते. पण १०० ग्रॅम सफरचंदात 'क' जीवनसत्त्व जेमतेम ५ मिलिग्रॅम. संत्र्यात ५० च्या आसपास. आणि आपल्या बोंडूत? २०० च्या आसपास. मार्च-एप्रिलमध्ये काजूच्या बागेत पायाखाली कुजत पडलेले, गुरे खातात आणि माशा घोंगावतात ते हे फळ. कोकणच्या मातीत ते पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणले, त्यालाही चारेकशे वर्षे होऊन गेली. एक किलो काजू बी निघते तेव्हा तिच्यामागे आठ-दहा किलो बोंडू निघतात. बी सोन्याच्या भावाने जपतात, बोंडू पिळून फेकतात. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काजूच्या 'वेंगुर्ला' नावाच्या एकामागून एक जाती दिल्या, झाडे वाढली, बी वाढली. तेवढाच बोंडूही वाढला, आणि तो तसाच कुजतो आहे. गोव्याने निदान त्याची फेणी करून २००९ साली भौगोलिक मानांकन मिळवले. दारूने आपल्या वस्त्यांत किती संसार बुडाले हे आपण जाणतो, म्हणून त्या वाटेबद्दल अधिक बोलत नाही. आम्हाला बोंडू पोरांच्या ताटात हवा आहे.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. बोंडूचे पदार्थ करा म्हटले की वाडीतल्या जुन्या माणसांपैकी कोणीतरी हमखास विचारतो, "लोकांनी टाकलेला आमी कित्याक उचलूचा?" या प्रश्नामागे इतिहास आहे. २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्याच परिषदेत त्यांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचे मांस सोडा, उष्टे-शिळे मागणे सोडा, असे बजावले होते. ज्या घरांनी ते ऐकून ताट पालथे घातले, त्या घरांतला म्हातारा बागायतदाराच्या बागेतले पडलेले फळ पाहून नाक मुरडतो, तर त्याला हसू नये. त्याचा स्वाभिमान बरोबर ठिकाणी आहे.

पण आमचे म्हणणे असे, की बोंडू हे उष्टे नव्हे. ते फळ झाडावरून काढतात आपल्याच आया-बहिणी. उन्हात वाकून बी वेचतात, बोंडू पिळून बी वेगळी करतात, डिंकाने बोटे काळी करून घेतात. त्यांच्या हातून ताजे निघालेले फळ कोणी खाऊन टाकलेले नाही. ते भीक म्हणून उचलू नये, चोरूनही आणू नये. हंगामाच्या सुरुवातीला मजुरी ठरते तेव्हाच उघड सांगावे, की दिवसाची मजुरी अमुक आणि वर एक टोपली चांगले बोंडू आमचे. मजुरी कमी करून बोंडू नव्हे, मजुरी पुरी घेऊन वर बोंडू. एकटीने बोलू नये, बागेत जाणाऱ्या सगळ्यांनी मिळून बोलावे. बागायतदाराचे त्यात काही जात नाही, नाहीतर ते फळ खतातच जायचे. ज्यांच्या परड्यात स्वतःची दोन-चार झाडे आहेत, त्यांचा प्रश्न तर सुटलेलाच आहे.

आता 'अंडे नाही, दूध नाही' याबद्दल. शहरात याला 'व्हीगन' म्हणतात. हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये तयार झाला, आणि आज मुंबई-पुण्याच्या दुकानांत त्याच्या नावावर दुप्पट दर लावतात. आपल्या कोकणात मात्र गाय-म्हैस नसलेल्या घरांनी हे पदार्थ नाव न देता कायम केले. नारळाच्या रसातले शिरवाळे घ्या. किंवा तवसोळी घ्या. जून तवसे किसायचे, त्यात तांदळाचा रवा, गूळ आणि खोबरे घालायचे, टोपात ओतायचे, खाली मंद आच आणि वर झाकणावर निखारे. हा भाजलेला केकच झाला की! भट्टी नव्हती, विजेचा ओव्हन नव्हता, अंडे-लोणी नव्हते. पाककृतींच्या जाडजूड पुस्तकांत अशा घरांचे नाव क्वचित सापडते. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' लिहिले, तेव्हा कुठे मराठवाड्यातल्या आपल्या चुलींची दखल पुस्तकात आली. कोकणातल्या बौद्धवाड्यांच्या चुलीवर असे पुस्तक अजून कोणीतरी लिहायला हवे. लेकी-सुनांनो, तुमच्या आज्या आहेत तोवर विचारून ठेवा.

तर कृती. ही आप्पेपात्रात करायची, म्हणजे भोकाचा डोनट न होता गोळ्या होतील, पण पोरे नाव ठेवत नाहीत.

पिकलेले, डाग नसलेले सात-आठ बोंडू घ्या. बी लागते ते टोक आणि देठ कापून टाका. बी फोडायच्या फंदात घरी पडू नका, तिच्या टरफलातल्या तेलाने कातडी भाजते. काजूच्या कारखान्यात काम केलेल्या बाईचे हात पाहिले असतील, तर अधिक सांगायला नको. कच्चा बोंडू घसा धरतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तो त्याच्यातल्या तुरटपणामुळे. त्यासाठी फोडी करून मिठाच्या पाण्यात चार-पाच मिनिटे उकळा, पाणी ओतून द्या, फोडी धुऊन घट्ट पिळा आणि पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये वाटा. (नुसता रस प्यायचा असेल तर त्यात थोडी भाताची पेज घालून ठेवा. तुरटपणा साक्यासारखा खाली बसतो, वरचा निवळ रस गाळून घ्यायचा. पेज आपल्या घरात रोजचीच.) बोंडू आणल्या दिवशीच वापरा. रात्रभर राहिला की आंबायला लागतो, आणि आंबलेला रस पोरांना द्यायचा नसतो.

एक वाटी गव्हाचे पीठ, अर्धी वाटी नाचणीचे पीठ, एक चहाचा चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा खायचा सोडा, चिमूटभर मीठ आणि वेलची किंवा जायफळ चाळणीतून दोनदा काढा. दुसऱ्या भांड्यात अर्धी वाटी किसलेला गूळ, पाऊण वाटी बोंडूचा वाटलेला गर, अर्धी वाटी नारळाचे दूध आणि तीन मोठे चमचे तेल एकजीव करा. गूळ पूर्ण विरघळू द्या. मग पीठ त्यात घाला आणि हलक्या हाताने, कोरडे पीठ दिसेनासे होईपर्यंतच ढवळा. जास्त घोटलेत तर गोळे चिवट होतात. इडलीच्या पिठापेक्षा किंचित घट्ट झाले पाहिजे. सैल वाटले तर चमचाभर पीठ, घट्ट वाटले तर चमचाभर नारळाचे दूध. फळाचा आंबटपणा आणि गूळ यांच्यामुळे सोडा लगेच काम करू लागतो, म्हणून पीठ भिजवून ठेवून शेजारणीशी गप्पा मारायला जाऊ नये.

आप्पेपात्राला तेलाचा हात लावा. खळगे पाऊण भरा, झाकण ठेवा, आच अगदी मंद ठेवा. सहा-सात मिनिटांनी काडीने उलटा आणि आणखी चार-पाच मिनिटे ठेवा. काडी टोचून कोरडी निघाली की झाले. एवढ्यात वीस-बावीस होतात. भोकाचाच डोनट हवा असेल, तर जाड बुडाच्या जुन्या टोपात दोन बोटे वाळू घालून दहा मिनिटे तापवा, वाळूवर स्टँड ठेवा, त्यावर तेल लावलेल्या पसरट डब्यात मधोमध स्टीलची लहान वाटी पालथी घालून तिच्याभोवती पीठ ओता. झाकण ठेवून मंद आचेवर पंचवीस-तीस मिनिटे. एकच मोठे कडे निघते, ते कापून वाटायचे. यासाठी चांगला प्रेशर कुकर वापरू नका. कोरड्या आचेने तो खराब होतो, आणि शिटी-रबर काढायला विसरणाऱ्याच्या तर जिवावर बेतते.

बोंडूचा हंगाम सरला की हीच कृती पिकलेल्या केळ्याची करता येते. गणपतीच्या सुमारास सफरचंद स्वस्त मिळाले, तर किसून थोड्या पाण्यात शिजवून त्याचाही गर चालतो, जोडीला दालचिनी घाला. आम्ही सफरचंदाच्या विरोधात नाही, सफरचंदाच्या अर्काच्या विरोधात आहोत.

आता खरे बोलायचे तर हा डोनट म्हणजे औषध नव्हे. बोंडूतले 'क' जीवनसत्त्व उकळताना आणि भाजताना बरेचसे जाते. ते हवे असेल तर जेवताना एखाद-दुसरा ताजा बोंडू मीठ लावून खावा. भाजी-नाचणीतले लोह अंगी लागायला 'क' जीवनसत्त्व मदत करते, आणि आपल्या बायका-मुलींत रक्त कमी असणे ही घरोघरची तक्रार आहे. नाचणीतला कॅल्शियम मात्र भाजल्याने कुठे जात नाही. १०० ग्रॅम नाचणीत तो साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतो. गुळाला लोक 'पौष्टिक' म्हणतात, पण शरीराच्या लेखी गूळ ही साखरच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले, की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांखाली ठेवावी, आणि ५ टक्क्यांवर, म्हणजे मोठ्या माणसाला सहा चमच्यांच्या आसपास, आणता आली तर अधिक बरे. आपल्या एका गोळ्यात साधारण एक चमचा गूळ जातो. म्हणजे पोराला दोन-तीन पुरेत, आणि ज्याला मधुमेह आहे त्याने 'घरचाच आहे' म्हणून हात मोकळा सोडू नये.

आणि आता अंडे. या लेखाचे हेच आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

बिनअंड्याचा डोनट आम्ही सांगितला तो स्वस्त पडतो म्हणून, दोन दिवस टिकतो म्हणून, आणि नारळ दारात आहे म्हणून. अंडे अपवित्र आहे म्हणून नव्हे. या देशात 'शाकाहारी' हा शब्द नुसता आहाराचा राहिलेला नाही. त्यावरून भाड्याची खोली नाकारली जाते, डब्यावरून मुलाला वर्गात वेगळे बसवले जाते. 'शुद्ध' म्हटले की कोणाला तरी अशुद्ध ठरवावेच लागते. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात अहिंसेची चर्चा करताना मारण्याची हौस आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. कोणी आपल्या विचाराने मांस-अंडे सोडले तर त्याचा मान राखू. पण आपल्या घरातल्या वाढत्या पोराच्या ताटातला बांगडा, सुकट, अंडे दुसऱ्याच्या सोवळ्यापायी काढून घेऊ नका.

आरोग्याचा हिशेब सरळ आहे. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, आपल्या एका गोळ्यात एक-दीड. 'ब-१२' हे जीवनसत्त्व अंड्यात, माशात, दुधात मिळते. नाचणीत नाही, गव्हात नाही, बोंडूतही नाही. ते कमी पडले की रक्त कमी होते, हातापायांना मुंग्या येतात. ज्या घरात दूध रोज येत नाही, त्या घराने अंडे-मासे सोडणे म्हणजे दोन्हीकडून उपास.

म्हणूनच शाळेतल्या अंड्याची गोष्ट विसरू नये. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे द्यायचे ठरवले, आणि न खाणाऱ्याला केळे. लगेच विरोध सुरू झाला. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने अंड्यासाठीचा आपला निधी थांबवला आणि लोकसहभागातून करायचे तर करा, असे शाळांना सांगितले. लोकसहभाग कोणाचा? ज्या गावात देणगीदाराच्या घरी अंडे चालत नाही, त्या गावात तो पैसा कोण देणार? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. त्या जागांवर आपल्या वाडीच्या बाया आहेत का, आणि असल्या तर बैठकीत बोलतात की नुसती सही करून घरी येतात, हे या महिन्यात प्रत्येक वाडीने पाहावे. अंड्याचा विषय लेखी द्यावा, इतिवृत्तात नोंदवून घ्यावा.

राहता राहिली जयंती. १४ एप्रिल म्हणजे काजूचा ऐन हंगाम. मिरवणुकीनंतर पोरांना बिस्किटांचे पुडे आणि रंगीत सरबत वाटायची पद्धत पडली आहे. त्या पैशांत पीठ, गूळ आणि नारळ येतात, बोंडू तर बागेतूनच. वाडीत आप्पेपात्रे किती घरांत आहेत ते मोजा, चार-चार घरांनी मिळून एक खेप घ्या, आणि उकडलेली अंडी जोडीला ठेवा. ज्याला जे हवे ते त्याने उचलावे. बुद्धपौर्णिमेला खीर असतेच, आणि ती दुधाचीच असू द्या. सुजाताची खीर दुधाचीच होती, तिला नारळाच्या दुधाचा सोस करायला नको.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. बोंडूच्या रसाचा डाग कपड्यावरून जात नाही. जयंतीला सगळे पांढऱ्या कपड्यांत असतात, तेव्हा बोंडू कापणे-पिळणे आदल्या संध्याकाळी जुन्या लुगड्यावर बसूनच उरका, आणि गर त्याच रात्री गुळात शिजवून ठेवा. कृतीतला अर्धी वाटी गूळ तोच धरायचा, सकाळी वेगळा घालायचा नाही. मग नुसते पीठ भिजवायचे राहते.